नाल्यावरचा बरू

हे मी आता लिहू शकते, कारण जिला आधी सांगायला हवं होतं तिला सांगून झालं आहे. गेल्या महिन्यापर्यंत हे प्रकरण माझ्या वहीत नव्हतं. बाकी सगळं होतं. घर, शाळा, मायचे राग, देवी आलेलं वर्ष, माझं लग्न ठरतानाची धांदल. फक्त एका पोळ्याच्या आदल्या दिवसापाशी आलं की माझं पेन आडवाटेला लागायचं. एकदा तर त्या जागी मी मायच्या भाकरीवर दीड पान लिहून वेळ मारून नेली होती. भाकरी चांगलीच असायची, पण दीड पान लिहावं इतकीही नाही.

आमचं गाव आदिलाबादजवळच्या तामसीकडचं. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, बांधाला साग, आणि गावाच्या अंगावरून जाणारा एक नाला, जो पावसाळ्यात चार दिवस नदीसारखा वागायचा आणि मग लाजून आटायचा. घरात आम्ही चौघं होतो. बा, माय, मी आणि गयाआत्या. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. तिचं सासर वांकिडीचं. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि बा स्वतः जाऊन तिला घेऊन आला. मी जन्मले तेव्हा ती घरात होतीच, त्यामुळे ती कुठून आलेली आहे असं मला कधी वाटलंच नाही. पहाटे जात्याची घरघर ऐकू आली की ती आत्या, आणि कोठ्यातून बैलांशी चाललेलं भांडण ऐकू आलं की तीही आत्याच. ढोरांशी ती माणसांपेक्षा जास्त बोलायची. 'काऊन रे, आज मोठा रुसून राह्यला? मी का तुह्या सासरची आहो?' असं ती खैऱ्याला म्हणायची आणि तो मान हलवायचा. चुलीपाशी बसलेली माय म्हणायची, 'ऐकलं का, वहिनीपेक्षा बैलासंगं सोयरीक जास्त.' मग आत्या मुद्दाम आणखी मोठ्यानं बोलायची.

हा खैऱ्या म्हणजे तिचं लेकरूच. त्याची माय वेताच्या वेळीच गेली होती. आत्यानं फडक्याची वात करून, दुधात बुडवून, ती चोखवून त्याला जगवला. तांबूस अंगाचा, कपाळावर बोटभर पांढरं, आणि शिंगं जरा आत वळलेली. त्याचा जोडीदार बांड्या विकत आणलेला होता, कामाला चोख, पण त्याला लाड माहीत नव्हते.

मला गवत ओळखायला आत्यानं शिकवलं. निंदणाच्या दिवसांत गावातल्या बाया ओळीनं बसून एकेक पात धरायच्या आणि बोलत बोलत पुढं सरकायच्या. मी आत्याच्या शेजारची अर्धी पात घ्यायचे. ज्वारी वीतभर असताना तिच्यातच उगवलेली रानज्वारी वेगळी काढणं हे काही सोपं काम नाही. तिला आमच्याकडे बरू म्हणतात. पान तसंच, रंग तसाच, उभं राहण्याची ऐटही तशीच. नवी बाई हमखास ज्वारी उपटते आणि बरू ठेवते. आत्या म्हणायची, 'ज्वारीचं रोप उपटलं तं बुडाशी तिचा फुटलेला दाना असते. बरूच्या बुडाशी पांढरी मुळी, जाडजूड, दूरवर पळालेली. पन उपटल्यावर ओळखलं त्यात काय मोठं? उभ्या उभ्या ओळख.' मग पान हातात घेऊन ती मधली पांढरी शीर दाखवायची, पानाची रुंदी बोटावर मोजायला लावायची. तिखाडी चुरगाळून वासावरून सांगायची. कुसळीला कुसळं यायच्या आधी ओळखायचं तर बुडाशी चपटी लागते का बघायचं, कारण एकदा कुसळं आली की ती ढोरांच्या जिभेत आणि आपल्या लुगड्यात सारखीच घुसतात. मारवेलाच्या पेराला मात्र बोट फिरवलं की पांढरी लव लागते, मांजरीच्या कानासारखी. 'पेर पाह्य,' हे तिचं ठरलेलं वाक्य. पुढं पुढं ती मला डोळे मिटायला लावायची आणि हातात काडी द्यायची. मी नुसत्या बोटांनी सांगायचे. ओळीतल्या बाया हातातलं काम सोडून बघत राहायच्या. 'गया, हिले सासरी गवतच आंदन दे बाई,' असं कोणीतरी म्हणायचं, आणि सगळी पात हसायची. दुपारी बांधावर फडक्यात बांधलेली भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

मी हे एवढ्यासाठी सांगते आहे, की मला गवत ओळखता येत होतं. चांगलंच येत होतं. पुढच्या सगळ्याला तेच कारण आहे.

बरूबद्दल आत्याचा एक नियम होता. तो सगळ्या गावालाच ठाऊक होता, पण ती फार कडक पाळायची. पावसानं ताण दिला, आणि कापलेला बरू बुडातून पुन्हा फुटला, तर तो कोवळा फुटवा जनावरापुढं टाकायचा नाही. 'इख असते त्यात. कोवळ्या ज्वारीत असते तसंच. पानी पडू द्या, कनूस निघू द्या, मंग खुशाल चारा.' आणि चुकून कोणाचं ढोर अशा ज्वारीत घुसलंच, फेस काढायला लागलं, तर ताबडतोब गुळाचं पाणी करून नळीनं पाजायचं. कधी ढोर वाचायचं, कधी नाही. आदिलाबादहून डॉक्टर येईपर्यंत तेवढंच आपल्या हातात. आमच्या फळीवर गुळाची एक ढेप त्यासाठी कायम असायची, आणि मायनं तिला सणालाही हात लावायचा नाही अशी ताकीद असायची.

त्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली होती. ज्वारी गुडघ्याला येऊन थांबली होती, नाल्यात फक्त डबकी उरली होती. पोळा उद्यावर आला. आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांना आंघोळ घालतात, हळद कालवलेलं कोमट तूप पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला चोळतात, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे, आणि त्यांना सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हे काम घरच्या धन्याचं. पण आमच्याकडे खैऱ्या कामाला लागल्यापासून ते आत्या करायची. बानं आपणहून तिला दिलं होतं. 'तो तुह्याच हातचा आहे ताई, तुले नाई तं कोनाले मान?' गावात यावर कुजबुज होती. बाच्या चुलतभावाची बायको, आमची सिंधूकाकू, ती तर तोंडावरच म्हणायची, 'सनासुदीच्या दिवशी विधवेचा हात! तुमी लोकं देवाले बी घाबरत नाई.' आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण त्या दिवशी ती सकाळपासून नवं लुगडं नेसायची, हे मी बघितलेलं आहे.

मला बैलांसाठी मारवेल आणायला पाठवलं. चांगला मारवेल तेव्हा एकाच ठिकाणी उरला होता, सागाच्या पल्याडच्या लांबच्या बांधावर. जाऊन येऊन दोन तास. आणि गावात पैनगंगेपलीकडून दरवर्षी येणारा गोंडेवाला आला होता. बैलांचे गोंडे, बेगड, घुंगुरमाळा, आणि त्याच पेटीत खालच्या कप्प्यात पोरींसाठी रिबिनी आणि आरशाच्या टिकल्या. अंधार पडायच्या आत तो पुढच्या गावाला निघणार होता. माझ्या मैत्रिणी आधीच पाराकडे पळाल्या होत्या. मी विळा घेऊन निघाले, नाल्यापाशी आले, आणि तिथं काठाला हिरवागार बरू उभा होता. पंधरा दिवसांपूर्वी कोणीतरी कापून नेलेला, त्याच बुडख्यातून फुटलेला, हातभर उंच. सगळं रान पिवळं पडलेलं आणि तेवढाच तो हिरवा.

मी त्याच्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं. पांढरी शीर दिसत होती. पेराला हात लावायचीही गरज नव्हती. वाटेत बांधावर थोडाफार मारवेल मिळाला होता, मूठ दोन मुठी. मी मनाशी म्हटलं, थोडाच घालू, मारवेलात मिसळून. थोड्यानं काय होतं. मग कापायला लागले आणि ओझं बरूनंच भरलं. वरून मारवेलाच्या मुठी ठेवल्या, दिसायला. हे 'दिसायला' मी तेव्हा केलं, पंधराव्या वर्षी, कोणी न शिकवता.

घरी आले तेव्हा बैलांना दारातच आंघोळ घालून झाली होती. सकाळपासून बांधलेले, भुकेले. मी अर्धं ओझं खैऱ्यापुढं टाकलं, अर्धं बांड्यासाठी बाजूला ठेवलं आणि पाराकडे निघणार, इतक्यात आत्या तुपाची वाटी घेऊन कोठ्यात आली. म्हणून थांबले, कारण तिला पळसाची पानं धरायला मीच लागायचे. कोठ्यात अंधारून आलं होतं. तिनं खैऱ्याच्या खांद्याला तूप चोळलं, सावकाश, घट्ट्यावर अंगठा फिरवत. तो गबागबा खात होता. 'हावरट,' ती म्हणाली, 'उद्याचं जेवन आजच करतं का?' मग वाकून त्याच्या कानाशी ते आवतनाचं वाक्य म्हणाली. नंतर बांड्याकडे वळली. तिचं बांड्याचं चोळून होत होतं तोच खैऱ्यानं एक लांब श्वास घेतला, खोल विहिरीतून ओढल्यासारखा. मग पाय फाकवले. तोंडाला फेस आला. आणि तो गुडघ्यावर बसला, पुढच्या दोन्ही.

आत्या ओरडली. बा धावत आला, मागोमाग शेजारचे चार लोक. 'कोठी घुसला होता का? ज्वारीत?' 'नाई, दिवसभर बांधून आहे.' 'मंग खाल्लं काय त्यानं?' बानं माझ्याकडे बघितलं. 'विमले, काय टाकलं व तू?'

मी म्हणाले, 'मारवेल.'

तेव्हा कोणीतरी म्हणालं, गूळ आना, गुळाचं पानी पाजा. आणि बा म्हणाला, 'मारवेल खाल्ला त्यानं. गूळ कायले? हे दुसरंच काई आहे.' मग कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी सायकलवर डॉक्टरसाठी गेला. फळीवरची ढेप फळीवरच राहिली. मला ती फळी कोठ्याच्या दारातून दिसत होती. मी बोलले नाही. आत्ता म्हणाले तर खोटं बोलले हेही कळेल, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता, आणि तो हिशेब पुरता होईस्तोवर खैऱ्या आडवा झाला.

सगळे त्याच्याभोवती होते तेव्हा मी बांड्यासाठीचं उरलेलं ओझं उचललं आणि मागच्या बाजूनं नेऊन नाल्याच्या डबक्यात टाकलं. खैऱ्यापुढच्या काड्याही वेचल्या. आत्यानं त्यातली एक जरी हातात घेतली असती तरी डोळे मिटून सांगितलं असतं. तिनं घेतली नाही. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या हातांना अजून हळद लागलेली होती. सिंधूकाकू दारातून म्हणाली, 'पाह्यलं? हात लावला अन् घटकाभरात गेला. मी तं सांगूनच राह्यली होती.' कोणी तिला गप्प बस म्हणालं नाही. बासुद्धा नाही. तो बहिणीकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावाचे बैल सजून उभे राहिले. बांड्या एकटाच होता म्हणून आम्ही नेला नाही. माय पुरण शिजवत राहिली, कारण शिजत घातलं होतं. पंधरा दिवसांनी आत्या तिचं गाठोडं घेऊन वांकिडीला गेली, दिराच्या घरी, मागच्या एका खोलीत. बा तिला जा म्हणाला नाही. राहा असंही म्हणाला नाही. बसमध्ये चढताना तिनं मला जवळ घेतलं नाही, माझ्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. मला वाटलं, हिला कळलं. मी कित्येक वर्षं तेच धरून बसले. तिला काही कळलेलं नव्हतं. ती आपला हात माझ्या डोक्याला लागू नये म्हणून मागं घेत होती. हे मला कळलं माझी लेक झाली तेव्हा. आत्या बघायला आली, उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मी लेकराला पुढं केलं, तर म्हणाली, 'मी नको घेऊ व. माह्या हाताचं काई खरं नाई.' आणि मी, शिक्षिका होऊ घातलेली बाई, लेकराला परत पाळण्यात ठेवून चहा करायला आत गेले.

बा गेला त्याला आता खूप वर्षं झाली. त्याला मी सांगितलं नाही. त्याचं काही करता येत नाही.

मी आता आमच्याच भागातल्या एका शाळेत शिकवते. या भादव्यात मुलांना गवतं गोळा करून वहीत चिकटवायला सांगितलं होतं. सातवीतल्या एका मुलीनं बरू चिकटवला आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, मारवेल. मी लाल पेनानं खोडून लिहिलं, 'मारवेल नव्हे. पेर पाहा.' आणि पुढची वही उघडता येईना. तास संपला, मुलं गेली, मी तशीच बसून होते. 'मारवेल' हा शब्द इतक्या वर्षांत मी कागदावरसुद्धा लिहिलेला नव्हता. शनिवारी मी आदिलाबादला गेले, तिथून आसिफाबाद, तिथून वांकिडी. मधल्या काळात जिल्हेही वेगळे झाले आहेत. तीन बस बदलताना मी वाक्य घोकत होते.

आत्या अंगणात बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती दिराच्या वावराच्या कडेला भाजी लावते आणि बाजारात बसते, अजूनही, पंचाहत्तरी उलटली तरी. 'काऊन व, अशी अचानक?' ती म्हणाली. 'घरी समदं बरं ना?' मी तिच्यासमोर खाली बसले आणि घोकलेलं म्हणाले. आत्या, त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी खैऱ्यापुढं जे टाकलं तो बरू होता. दुसऱ्या फुटव्याचा. नाल्यावरचा. मला ओळखू आला नाही. माझी चूक झाली.

तिनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, 'कोन्या बाजूचा? पुलाखालचा?'

'हो.'

'हातभर?'

'हो.'

'अन् तुले ओळखू आला नाई.'

मी मान हलवली.

'खोटं बोलून राह्यली तू,' आत्या म्हणाली. शांतपणे, भाव विचारावा तशी. 'डोये मिटून सांगे तू. गावात तुह्यासारखी दुसरी पोरगी नव्हती. माही शिकवन होती ती. येवढ्या दूरून आली तं नीट सांग, नाई तं जाय.'

तीन बस बदलून आणलेलं वाक्य एका दमात गेलं. मग मी सांगितलं. गोंडेवाला, रिबिनी, वरून ठेवलेला मारवेल. बानं विचारल्यावर मी काय म्हणाले ते. गुळाची ढेप. डबक्यात टाकलेलं ओझं. काहीही मागं ठेवलं नाही. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट खूप दिवस डोक्यावर धरलेलं काही खाली ठेवताना मान जशी कळवळते तसं काहीतरी झालं.

आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, 'मंजे माह्या हातानं नाई गेला तो.'

'नाही आत्या.'

'मी इथी आल्यापासून या घरात सात वेती झाल्या गाईच्या. मी एका वासराले हात लावला नाई. जावेची सून बाळंत झाली, मी न्हाऊ घातलं नाई, लोकाच्या बाया बोलावल्या. तुही पोरगी...' ती थांबली. मग एकदम मोठ्यानं ओरडली, इतकी की घरातून तिच्या दिराची सून बाहेर आली. 'हलकट कार्टे! रिबिनीसाठी? रिबिनीसाठी व?' आणि खाली ठेवलेली सांबाराची जुडी उचलून माझ्या तोंडावर मारली. मग दुसरी मारली. मी हललेच नाही. सांबाराचा वास सगळ्या अंगणात पसरला. तिसरी उचलली आणि ठेवून दिली, कारण बाजाराचा माल होता.

'सिंधी जित्ती आहे ना?' तिनं विचारलं.

'आहे.'

'लाव फोन.'

मी सिंधूकाकूच्या नातवाला फोन लावला, त्यानं काकूला दिला. काकूला कमी ऐकू येतं, आणि आत्याला फोनवर विश्वास नाही, त्यामुळे दोघी ओरडत होत्या. 'मी गया! गया बोलून राह्यली! आमचा खैऱ्या बरू खाऊन मेला! बरू! विमलीनं टाकला होता, आता सांगतलं तिनं!' मग काकूचा आवाज आला, 'कोनता बैल व?'

आत्यानं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. 'हिले यादच नाई,' ती म्हणाली. 'मी वांकिडीले काढले येवढे दिवस, अन् हिले बैलच याद नाई.' आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, गदागदा. दिराची सूनही काही न कळता हसली. मला हसू की नको ते कळेना. मी हसले नाही, हे बरं केलं.

त्या दुपारी तिनं मला जेवू घातलं. ताटात वांग्याची भाजी, भाकरी, वर तेल घातलेला ठेचा. भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत होती, नको म्हटलं तरी. तिसरीपाशी मी ताटावर हात आडवा धरला तर तिनं माझा हात बाजूला केला. तिच्या बोटांचा तो स्पर्श मला पंधराव्या वर्षानंतर पहिल्यांदा झाला. दोघींनीही तो झाला असं दाखवलं नाही.

मग माझ्या पुढं चालत ती मला बसपर्यंत पोचवायला निघाली. आणि वाटेत, प्रत्येक दारात, ओट्यावर बसलेल्या प्रत्येक बाईपाशी थांबली. 'हे माही भाची. मास्तरीन आहे. आमचा बैल हिच्यामुळं मेला, माह्यामुळं नाई. विचारा तिले.' बाया माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, 'हो, माझ्यामुळं.' पिठाच्या गिरणीपाशी, टेलराच्या दुकानात, मारुतीच्या पारावर. कोणाला त्या बैलाचं काय पडलं होतं? कोणी म्हणालं, बरं. कोणी विचारलं, कधी? एक म्हातारा म्हणाला, 'मंग आता काय करायचं म्हंता?' आत्या म्हणाली, 'काई नाई. आयकून घ्या फक्त.' मला वाटलं होतं मेल्याहून मेल्यासारखं होईल. पण पाचव्या-सहाव्या दारापासून माझा 'हो' आपोआप यायला लागला, आणि प्रत्येक 'हो' नंतर पायात चपला आहेत, रस्त्यावर ऊन आहे, हे मला नीट जाणवायला लागलं. बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. अगदी नीट बरं वाटत होतं.

बस लागलेली होती. कंडक्टर तरणा, तेलुगू बोलणारा, तिकिटाचं यंत्र हातात. मी पायरीवर चढले आणि मागं वळले. आत्यानं कंडक्टरच्या बाहीला धरून त्याला थांबवलं होतं. मी मनात 'हो' तयार ठेवला.

'मा बिड्डा,' ती त्याला तिच्या मोडक्या तेलुगूत म्हणाली. आमची लेक. 'आसिफाबादले नीट उतरव.'

आणि त्यापुढं काही बोलली नाही.